पहिला नको तोंडाचा

कोल्हापूर, १६ जून २०२४

आदरणीय प्रभावती मॅडम,

तुमचं कार्ड पोचलं. "शनिवारची पत्रं का थांबली? बंगळुरूलाही पोस्टमन येतो." बस, एवढंच. कार्डावर आणखी चार ओळींची जागा रिकामी होती, पण ती तुम्ही रिकामीच ठेवलीत. वर्गातही तुमचं असंच असायचं.

म्हणून लिहिते. नियम तो नियम. आठवड्याला एक पान, हातानं, आपण काय केलं ते. "ज्याला स्वतःचा आठवडा सांगता येत नाही, तो मुलाखतीत स्वतःबद्दल काय डोंबल सांगणार?" पहिल्याच शनिवारी तुम्ही हे म्हणालात, तेव्हा तुमच्या शाहूपुरीच्या घरातल्या खालच्या खोलीत आम्ही सगळी खुर्च्यांच्या कडेला टेकून बसलो होतो. घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पोरं आम्ही, खुर्चीत पूर्ण बसायचा धीर कुणाला होता? मग तुम्ही म्हणालात, "मागं सरकून बसा. खुर्ची तुमचीच आहे."

तर माझा आठवडा. बी.एस्सी.चा निकाल लागला, फर्स्ट क्लास आला. खोतांच्या घरातली पहिली पदवी म्हणून आबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांनाही दिले, आणि त्यांनी घेतलेही. मी सध्या महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक पन्नास साड्या उलगडून बघतं आणि "परत येतो" म्हणून जातं, मग मी पन्नास घड्या घालते. हात चांगला बसलाय.

आपल्या वर्गातला आदर्श पुण्याला रुजू झाला. गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो त्यानं ग्रुपवर टाकला होता. मी खाली अभिनंदन लिहिलं. चांगला मुलगा आहे तो, त्याच्यावर माझा काहीच राग नाही.

तुम्ही बंगळुरूला निघालात त्या दिवशी वर्गातली सगळी बसपाशी आली होती. मला जमलं नाही, कारण दुकानात नवा माल आला होता. माल शुक्रवारी येतो आणि तुम्ही गुरुवारी गेलात, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो, पेनानं लिहिलंय, खोडत नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घरी, म्हणजे आदितीताईंकडं, जिने आहेत का?

राग वगैरे काही नाही, मॅडम. फक्त एक गोष्ट मनात राहिली आहे. जिनं मला खुर्चीत मागं सरकून बसायला शिकवलं, तिनं मला एकदाच विचारावं?

आपली,
क्रांती खोत


कोल्हापूर, ३० जून २०२४

आदरणीय मॅडम,

"एकदाच म्हणजे काय? कोड्यात लिहू नकोस." बरं. सरळ लिहिते. वाचून तुम्हाला राग आला तर येऊ दे, दोघींनाही सारखा होईल.

एप्रिलमधला शनिवार. वर्ग सुटला होता आणि मी व्हरांड्यात चपला घालत होते. तुम्ही म्हणालात, "क्रांती, पुण्याच्या कंपनीत प्लॅनिंग ट्रेनीची एक जागा आहे. तुझं नाव देऊ का?" वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते हेच. कुठला माल कधी लागणार, कुठलं यंत्र कधी चालवायचं, कुठली गाडी कधी भरायची, हे ठरवायचं काम. आकडेवारी मी त्याच्यासाठीच शिकले.

आणि मी म्हणाले, "नको मॅडम. दुसऱ्या कुणाचं तरी द्या की."

तुम्ही "बरं" म्हणालात. मान वळवलीत आणि आदर्शला हाक मारलीत. तो गडहिंग्लजचा गडी, चटकन "हो मॅडम" म्हणून मोकळा झाला. माझी एक चप्पल पायात होती आणि एक हातात.

मॅडम, मी नको म्हणाले ते नको म्हणायचं असतं म्हणून. कुणी काही चांगलं पुढं केलं की आधी नको म्हणायचं. लगेच हात पुढं केला तर माणूस हावरट दिसतं, लोक घरचं वळण काढतात. समोरच्यानं पुन्हा म्हणायचं असतं, "अगं घे की." मग आपण थोडं आढेवेढे घ्यायचे. मग त्यानं तिसऱ्यांदा म्हणायचं, आणि मग आपण घ्यायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. चालायला लागले तसं हेही आलं.

माझ्यात तर ते जरा जास्तच मुरलंय, कारण आबा वाढपी आहेत. तुम्हाला "केटरिंग" सांगितलं होतं, पण ते स्वयंपाकाचं बघत नाहीत. कागल-मुरगूडकडच्या लग्नांत पंगती वाढणाऱ्यांची टोळी त्यांची आहे. नवीन पोरगा टोळीत आला की आबा त्याला पहिला धडा देतात तो असा: "पयला नगं तोंडाचा, दुसरा मनाचा, तिसरा पोटाचा. पोटाचा आला की म्होरं सरकायचं. त्याच्या आदी सरकलास तर पावणा उपाशी उठतोय, आन् नाव आपलं जातंय." माणसं पानावर आडवा हात धरतात, आबा त्या हाताच्या बोटांतून बुंदी सोडतात. माणूस "आरं बास, बास" म्हणतो आणि चाटूनपुसून खातो.

मी पानावर आडवा हात धरला होता, मॅडम. तुम्ही पुढं सरकलात.

मला वाटलं, तुम्हाला मनातून आदर्शलाच द्यायचं होतं. मला विचारलं ते नुसतं विचारल्यासारखं करायला. पुढचे सगळे शनिवार मी आले नाही ते त्यामुळं. बसपाशीही त्यामुळंच आले नाही. माल शुक्रवारीच येतो.

आता कळलं का एकदाच म्हणजे काय?

क्रांती


कोल्हापूर, २८ जुलै २०२४

आदरणीय मॅडम,

चार पानं! तुम्ही! पाकीट एवढं जाड होतं की पोस्टमनकाका दारातूनच ओरडले, "क्रांतीबाई, नोकरीचं आलं वाटतं!" मी ते दुकानाच्या माळ्यावर बसून वाचलं. मालकांनी खालून दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

तुमच्या आईंची गोष्ट मी किती वेळा वाचली सांगू? चातुर्मास, घरात पाहुण्या आलेल्या काकू, आणि तुम्ही सात-आठ वर्षांच्या. तुम्ही हौसेनं त्यांच्या ताटात परत परत भाजी वाढायला गेलात आणि आईंनी पळी धरलेल्या हातावर चापट मारली. काकूंनी ती भाजी चार महिने सोडली होती. कुणी काय सोडलंय ते कुणी बोलून दाखवत नाही, फक्त नको म्हणतात. आणि तुमच्या घरात नको ऐकलं की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. विचारणं म्हणजे त्या माणसाचा नियम मोडायला बघणं.

"मी तुझ्या नकोचा मान राखला, असं मला वाटत होतं," हे तुम्ही लिहिलंत, तिथं मला रडू आलं. रडू आलं म्हणजे चांगलं हुंदके देऊन. खाली एक गिऱ्हाईक पैठणी बघत होतं, ते घाबरलं.

म्हणजे बघा. तुमच्या घरात जो सगळ्यात मोठा मान, तो आमच्या घरात सगळ्यात मोठा अपमान. दोघी एकाच शहरात राहतो, एकच भाषा बोलतो, आणि एका व्हरांड्यात उभं राहून एकमेकींचं मन मोडतो. मी तीन महिने तुम्हाला मनात काय काय बोलले! ते लिहीत नाही, कारण पत्र आदितीताईही वाचत असतील.

तुम्ही लिहिलंत की पुण्याची ती जागा आता परत येणार नाही, आणि आदर्शचं काही मागून घ्यायचं नाही. कबूल. आणि तुम्ही गृहपाठ दिलात: महिनाभर, कुणीही काहीही पुढं केलं, की हवं असेल तर पहिल्याच वेळेला होय म्हणायचं. नको असेल तर नको म्हणायचं आणि त्यावर टिकायचं. "कारण ज्या टेबलांपलीकडे तू बसणार आहेस, तिथं कुणी तुझ्या आबांसारखं थांबत नाही."

मॅडम, सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

पहिला प्रयोग मुरगूडच्या आत्याकडं. आत्यानं विचारलं, "च्या टाकू का गं?" मी म्हणाले, "टाका. आणि पोहेही करा." आत्या चुलीपाशी जाता जाता थांबली. मग आबांकडं वळून म्हणाली, "आकाराम, पोरीला घरात कोन खायाला घालत न्हाय काय रं?" आबांनी मान खाली घातली. आम्ही गाडीवरून परत निघालो. घराजवळ आल्यावर म्हणाले, "ह्ये तुमच्या मॅडमनी शिकीवलं व्हय?" मी म्हटलं हो. तर म्हणाले, "पोह्याचं तरी सांगाय नगं हुतंस."

नको म्हणून टिकण्याचं तर आणखी अवघड. मालकांनी रविवारी दुकानात येतेस का विचारलं. मी नको म्हणाले. ते आमच्यातलेच, त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "मालक, हा पोटाचा आहे." त्यांना काही कळलं नाही, पण पुन्हा विचारलं नाही. म्हणून आज रविवारी हे पत्र लिहायला बसले.

बायोडाटा पुन्हा लिहिला, तुमच्या लाल शाईच्या खुणा बघून. "वडील: केटरिंग व्यवसाय" खोडून "वडील पंगतीत वाढण्याचं काम करतात" असं लिहिलं. आणि तुम्ही म्हणालात तसं पुढं हेही लिहिलं की अकरावीपासून त्यांच्या टोळीचं नियोजन मी करते. किती रांगा, कुठल्या रांगेला भाताला कोण, पाण्याला कोण, दुसरी पंगत कधी बसवायची. मला हे लिहिण्यासारखं काम वाटतच नव्हतं. घरात बसून करायची गोष्ट, तिला काम कोण म्हणतं? तुम्ही म्हणालात. तुम्हीच पहिल्या म्हणालात.

मला माफ करा असं लिहिणार होते. पण तुम्ही लिहिलंत की यात माफीचं कुणाकडंच काही नाही. तर मग नुसतं एवढंच लिहिते की तुम्ही कार्ड पाठवलंत, बरं केलंत.

आपली,
क्रांती


कोल्हापूर, १ सप्टेंबर २०२४

मॅडम,

मिळाली! पत्राच्या शेवटापर्यंत धीर धरवत नाही म्हणून आधीच लिहून टाकलं. आता सविस्तर.

कागलच्या एमआयडीसीतली ती पुठ्ठ्याचे खोके करणारी कंपनी, जिची जाहिरात तुम्ही कापून पाठवली होती. गेटवर वॉचमननं विचारलं, "पावणं, कुनाला भेटायचंय?" मी वर्गातल्यासारखं पूर्ण नाव, काम आणि वेळ सांगितली. आत एक टेबल, पलीकडं दोन माणसं. मोठ्या होत्या त्या संयोगिता मॅडम, अख्खा कारखाना बघतात. कडक इस्त्रीचा शर्ट, पायांत सुरक्षेचे बूट. त्यांनी बसायला सांगितलं. मी मागं सरकून बसले.

चहा विचारला. "हो, चालेल." पहिल्याच वेळेला, आणि पोहे न मागता. तुम्ही असता तर खूश झाला असता.

मग स्वतःबद्दल सांगा म्हणाल्या. मॅडम, मला एवढ्या शनिवारांची पत्रं आठवली. मी माझा आठवडाच सांगायला लागले. त्यांनी बायोडाट्यावर बोट ठेवून विचारलं, "हे पंगतीचं नियोजन म्हणजे काय?" मी त्यांना ते मुरगूडचं लग्न सांगितलं, जिथं नवऱ्याकडची माणसं सांगितल्याच्या दुप्पट आली. मी पंगत अर्धी करून बसवली, म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधी घेतलं, आणि चपातीवरची माणसं भातावर आणली, कारण भात पटकन वाढून होतो आणि चपाती रांग थांबवते. त्यांनी विचारलं, "जेवण कमी पडलं?" मी म्हटलं, "बुंदी कमी पडली. पण ती आबांनी शेवटच्या रांगेत फार हात सैल सोडला म्हणून." दोघंही हसली. मीही हसले.

आता खरं ते. शेवटी संयोगिता मॅडमनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "जाहिरातीतली जागा ऑफिसातली आहे. पण मला डिस्पॅचला माणूस हवंय. माल कधी, कुठल्या गाडीत, कुणाच्या हातानं भरायचा ते ठरवायचं. हाताखाली माणसं असतील आणि बहुतेक सगळी वयानं तुझ्यापेक्षा मोठी. कठीण आहे. घेशील?"

माझा उजवा हात उचलला गेला, मॅडम. आपोआप. टेबलावर आडवा झाला, पानावर धरतात तसा. तोंडात शब्द तयार होता. "नको मॅडम, मला कुठं..." एवढं अगदी ओठांवर आलं होतं. मी खाली बघितलं तर माझाच हात, आबांच्या बुंदीपुढं धरलेला. आणि समोर कुणी वाढपी नव्हता. समोर मिटलेली फाईल होती.

मी हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "घेईन."

त्या म्हणाल्या, "विचार करायला दोन दिवस हवेत?"

मी म्हटलं, "नको मॅडम. हा पोटाचा आहे."

"काय?"

"काही नाही. दोन दिवस नकोत. घेते मी."

पत्र काल आलं. आबांना वाचून दाखवलं. सगळं मराठीत करून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजी वाढपीच की गं. फकस्त खोक्यांचं." मी हो म्हटलं. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ गाडी पुसत बसले. गाडी स्वच्छच होती.

रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटात गूळ-तूप वाढलं. मी सवयीनं नको म्हणाले नाही. पहिल्याच वेळेला ताट पुढं केलं. आबा म्हणाले, "आज तरी नगं म्हन की, लेकी. मला तीनदा वाडू दे." मग मी दोनदा नको म्हणाले, मॅडम. घरात रीत राहू दे ना.

मी तुमची फार आभारी आहे. हे वाक्य वर्गात आम्हाला मुलाखतीच्या शेवटी म्हणायला शिकवलं होतंत, तेव्हा पोपटासारखं म्हणायचो. आज पहिल्यांदा स्वतःहून लिहिलं. माझ्या घरात मला कुणी पाठवणारं नव्हतं, म्हणजे पाठवायची इच्छा सगळ्यांना होती, पण वाट कुणालाच ठाऊक नव्हती. तुम्ही ती वाट चालून दाखवलीत. गेटवर काय बोलायचं इथपासून. आणि मी तोंड फिरवून बसले तेव्हा तुमचं कार्ड आलं. तुमच्या घराच्या रीतीनं तर तुम्ही पुन्हा विचारायला नको होतं.

तुमची,
क्रांती


कागल, ८ जून २०२५

आदरणीय मॅडम,

हल्ली दर आठवड्याला पान होत नाही, महिन्याचं एक होतं. रागावू नका, गाड्या भरायच्या असतात. तुमचा गुडघ्यांचा व्यायाम चालू आहे असं आदितीताई फोनवर म्हणाल्या, आणि तुम्ही तो करताना चिडता असंही म्हणाल्या.

परवा एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. कंपनीनं यंदा ट्रेनी घ्यायचे ठरवले आणि संयोगिता मॅडमनी मला मुलाखतीला टेबलाच्या या बाजूला बसवलं. या बाजूची खुर्चीही तशीच असते हो, काही वेगळी नसते.

वारणानगरची एक मुलगी आली, अनुजा. आई डेअरीत कामाला, घरात हीच पहिली कॉलेजात गेलेली. हुशार. बोलताना थांबते, पण बोलते ते नेमकं. शेवटी शेजारचे साहेब तिला म्हणाले, "क्वालिटीला एक जागा आहे. जबाबदारीची आहे. देऊ का तुला?"

तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "नको सर. दुसऱ्या कुणाला तरी द्या की. मला कुठं जमतंय."

साहेबांनी "ठीक आहे" म्हणून कागद बाजूला सारला. त्यांची काही चूक नाही, ते पुण्याचे. मला मात्र तुमचा व्हरांडा दिसला. एक चप्पल पायात आणि एक हातात घेतलेली मी दिसले.

मी तो कागद ओढून परत पुढं घेतला. म्हटलं, "अनुजा, पुन्हा विचारते. घेशील?"

ती म्हणाली, "नको मॅडम, खरंच..."

मला लोक मॅडम म्हणतात आता, हसू नका. मी म्हटलं, "हा मनाचा झाला. तिसऱ्यांदा विचारते, आणि आता जे सांगशील ते मी पोटाचं धरणार. घेशील?"

तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती. सगळी शुद्ध भाषा गळून पडली बिचारीची. म्हणाली, "व्हय. घ्येते की!"

ती गेल्यावर साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार. मी सांगितलं. संयोगिता मॅडम मूळच्या गारगोटीच्या, त्यांना लगेच उमगलं. मग म्हणाल्या, "इथून पुढं या टेबलावर प्रत्येकाला दोनदा तरी विचारायचं." मॅडम, वर्षभर मी आपल्या पोरांनी टेबलाची रीत शिकायची एवढंच डोक्यात धरून होते. टेबलालाही आमची रीत शिकवता येते, हे मला परवा कळलं.

म्हणून आता मुद्द्याचं. तुमची खालची खोली बंद आहे. किल्ली शेजारी आहे, हे मला माहीत आहे. आदर्श महिन्यातून दोन शनिवार पुण्याहून यायला तयार आहे. मी आहेच. अनुजासारखी पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यांना गेटवर काय बोलायचं ते सांगणारं कुणी नाही. शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू करायचा आहे. परवानगी द्या. आणि पहिल्या शनिवारी तुम्ही या. त्याच खुर्चीत बसा. याल का?

तुमची,
क्रांती


कागल, २९ जून २०२५

आदरणीय मॅडम,

कार्ड मिळालं. "खोली उघड. वर्ग सुरू कर. मी नको. आता तुमचे दिवस आहेत." पुन्हा अर्धं कार्ड रिकामं. सुधारणा शून्य.

खोलीबद्दल मनापासून आभार. झाडली, भिंती पुसल्या, खुर्च्या उन्हात घातल्या. एकीचा पाय मोडलाय, आबा दुरुस्त करून देणार आहेत. ते म्हणतात उद्घाटनाला बुंदी त्यांची आणि वाढणारही तेच.

आता तुमच्या "मी नको"बद्दल. मी दोन रात्री विचार केला. तुमच्या घरच्या रीतीनं नको म्हणजे नको, आणि मी पुन्हा विचारणं म्हणजे तुमच्या आईंची चापट माझ्या हातावर. ती खायची माझी तयारी आहे, पण तुमचा नियम मोडायची नाही. म्हणून एक करू. प्रवास न करण्याचा काही नियम घेतला असेल, किंवा डॉक्टरांनी मनाई केली असेल, तर कार्डावर नुसतं "नियम" एवढाच शब्द लिहा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. खुर्चीवर तुमचा चष्म्याचा रिकामा डबा ठेवू, तो इथंच विसरलाय तुमचा, आणि वर्ग सुरू करू.

पण तसं नसेल, नुसतंच "माझं काय काम आता" असं असेल, तर तो तोंडाचा आहे आणि मी आकाराम वाढप्याची मुलगी आहे.

म्हणून दुसऱ्यांदा विचारते. मॅडम, याल का?

क्रांती


शाहूपुरी, कोल्हापूर, १३ जुलै २०२५

मॅडम,

आज हे पत्र तुमच्याच खोलीत बसून लिहिते आहे. समोर आबा खुर्चीला खिळा ठोकतायत, अनुजा फळा पुसतेय.

आठवडाभर मी पोस्टमनकाकांची वाट बघितली. कार्ड आलं की आधी तो एक शब्द शोधायचा, असं ठरवून ठेवलं होतं. कार्ड आलंच नाही. मला वाटलं, मी हद्द ओलांडली. बुंदीची पळी घेऊन भलत्याच पंगतीत शिरले. परवा तर आबांना म्हणालेही, "आपण सरकायला हवं होतं म्होरं." आबा खुर्चीचा पाय तासत राहिले.

मग काल आदितीताईंचा फोन आला. त्या आधी हसतच होत्या. म्हणाल्या, आईनं गुडघ्याचे पट्टे धुऊन वाळत घातलेत, प्रवासाची बॅग माळ्यावरून काढून घेतलीय, आणि रोज दुपारी पोस्टाची वेळ झाली की दारात जाऊन उभी राहते. काय झालं विचारलं तर म्हणते, "ती पोरगी तिसऱ्यांदा कधी विचारणार आहे?"

मी फोन ठेवला आणि आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग बसलीयास काय? वाड की."

मॅडम, तिसऱ्यांदा विचारते. याल?

तुमची,
क्रांती